स्वयंभू डब्याचे टाके

हॉल खचाखच भरला होता. चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत आला होता. आणि स्टेजवर, रेशमी कापडावर, देव म्हणून बसला होता कोण? एक लोखंडी डबा. त्याच्या डोक्यावर काचेच्या चार नळ्या तांबूस-निळ्या धुगधुगत होत्या आणि पुढ्यात एक पितळी ताटली होती. डबा सतत बारीक गुणगुणत असे, त्याला भक्त जप म्हणत.

"यावर कंपनीचं नाव शोधा," महाराज सांगत होते. "नंबर शोधा. जन्मभर शोधलात तरी सापडणार नाही. कारण हा कुणी बनवलाच नाही. हा स्वयंभू आहे."

लोकांनी हात जोडले. ज्यावर छाप नाही ते स्वयंभू, या हिशेबाने प्रत्येकाच्या दारातलं पायपुसणंही स्वयंभूच ठरलं असतं, पण एवढा विचार करायला सवड कुणाला होती?

मागच्या रांगेत बाईंच्या अंगाचा तिळपापड होत होता. बाई हायस्कुलात विज्ञान शिकवत. शेजारी त्यांची आई बसली होती, जन्मभर शिवणकाम केलेली. तिला काचबिंदू झाला होता. डोळ्यांतला दाब वाढत चालला होता, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि आईने ती मोडली होती. का, तर डबा नको म्हणाला. डोळ्यांत घालायचे थेंबही बंद. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे सांगून सांगून बाईंचा घसा बसला होता. "तुला कशावर विश्वासच नाही," एवढंच आई म्हणे.

डब्याची रीत अशी की भक्ताने प्रश्न विचारायचा आणि महाराजांनी ताटलीवर हात ठेवायचा. डबा मोठ्याने घुमला की होकार, नाही घुमला की नकार. मग महाराज भर सभेत प्लग उपटून दाखवत, तरी डबा दोन-चार श्वास घुमतच राही. तेव्हा धडधाकट माणसंसुद्धा रडत.

बाई मात्र महाराजांच्या हाताकडे बघत होत्या. होकाराच्या वेळी तळवा उघडा असे. नकाराच्या वेळी शालीचं टोक आधी ताटलीवर सरके. बाई उठल्या आणि थेट स्टेजवर गेल्या.

"मी हात लावते."

"अश्रद्ध हाताला तो बोलायचा नाही, ताई."

"मग तुम्हाला भीती कसली?"

लोक हसले, महाराजांना हसावं लागलं. बाईंनी ताटलीवर पंजा ठेवला आणि विचारलं, "हे महाराज लबाड आहेत का?"

डबा दणक्यात घुमला.

"हा या काचेच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, जुना अँप्लिफायर आहे," बाई म्हणाल्या. "भिंतींमधल्या विजेची घरघर आपल्या अंगावर येते. ताटलीला हात लागला की हा ती मोठी करून ऐकवतो. मध्ये शाल आली की बंद. आणि प्लग काढला तरी आत साठलेली वीज थोडा वेळ पुरते. यात देव कुठे आला?"

"आणि बनवला कुणी?" महाराज गरजले. "नाव सांगा."

बाईंनी प्लग काढला, आतली वीज उतरवली आणि डबा आडवा केला. उघड्या तळातून तारांची जुडी दिसली, मेणाच्या दोऱ्याने सारख्या अंतरावर बांधलेली. ती बांधणी बाईंनी ओळखली. त्यांचे वडील घरी कर्ण्यांचे अँप्लिफायर बांधत. नाव कशावरच घालत नसत. ते गेल्यावर सगळा माल भंगारात गेला होता.

"आई, इकडे ये. इथे बोट फिरव."

आई चाचपडत आली. तिची बोटं एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर गेली आणि थांबली.

"हा माझा टाका आहे," ती म्हणाली. "दुहेरी गाठ, शेवटचा फेर उलटा. हे तारा धरायचे, मी दोरा बांधायचे." मग ती महाराजांकडे वळली. "मेल्या, माझ्याच हातच्या शिवणीकडून मला आंधळी हो म्हणवलंस?"

महाराजांनी मागच्या दाराने काढता पाय घेतला. दोघे-तिघे तरीही पुटपुटत होते, "पण श्रद्धा म्हणून काही असतंच ना." बाईंना त्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

डबा घरी आला. बाईंनी आतला वीज साठवणारा सुकलेला कंडेन्सर बदलला, तारांच्या दोन कच्च्या सांध्यांना पुन्हा डाख दिला. जप थांबला आणि गाणं स्वच्छ वाजू लागलं. आईचं ऑपरेशनही झालं. उजवा डोळा वाचला. डाव्यातली नस त्या बुडालेल्या महिन्यांत मेली होती.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला असतात तर दोन्ही राहिले असते. कंडेन्सर बाजारात मिळाला, डोळ्याची नस मिळत नाही. म्हणून, बाबांनो, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो उलटा करून आत बघा. आणि डोळ्यांचं विचारायचं असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा.