स्लावाला बोलावणं नसतं

माझ्या भावाचा कावा माझ्या लक्षात आला तो कोबीच्या पानांत खिमा गुंडाळताना.

सकाळी पाद्री येऊन गेले होते. मेणबत्ती लागली होती, सणाचा पाव कापून झाला होता, शेजारपाजारचे एकेक करून येत होते. संत म्रात हा लांडग्यांचा राखणदार आणि आमच्या घराण्याची स्लावा, म्हणजे वर्षातून एकदा येणारा कुलसंताचा सण, त्याच्याच दिवशी. असं का, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी विषय काढत नाही. या दिवसांत गावातल्या बायका कात्र्या दोऱ्यानं बांधून ठेवतात, लांडग्यांचे जबडे मिटलेले राहावेत म्हणून. मीही बांधते. आमच्या घरात जरा जास्तच घट्ट बांधते. पौर्णिमा असली की पाहुणे उजेडातच उठतात, कोणाला गाय दोहायची असते, कोणाचं डोकं दुखत असतं. आणि यंदा पौर्णिमा नेमकी स्लावाच्या दिवशी आली होती.

आमची रोसांदा, माझ्या भावाची, वुकोमनची, एकुलती एक मुलगी. तिची आई लवकर गेली, मीच तिला वाढवलं. शिकून गुरांची डॉक्टर झाली, कत्तलखान्यात तपासणीला जायला लागली आणि तिथल्या रात्रीच्या पहारेकऱ्याच्या प्रेमात पडली. ओब्रेन त्याचं नाव. व्हॅम्पायर. तसा सभ्य. गटारात जाणारं रक्त तेवढं आपल्या बरणीत भरून न्यायचा आणि बरणी घासून परत आणायचा. मी तिला म्हटलं, "बाई गं, जगातली माणसं संपली का?" तर म्हणाली, "आत्या, माणसाला मी पौर्णिमेचं काय सांगू?" मी तर ते कोणाला सांगूच शकले नाही, म्हणून आजही भावाच्या घरी कोबी गुंडाळते आहे.

महिन्यापूर्वी तिनं बापाला सांगितलं. मला वाटलं आता ताटं फुटणार. पण वुकोमन शांतपणे म्हणाला, "ज्याला माझी मुलगी हवी तो स्लावाला येईलच. स्लावाला आम्ही कोणाला बोलवत नाही आणि कोणाला अडवत नाही. आला नाही तर मात्र विषय संपला." रोसांदानं त्याच्या गळ्यात हात टाकले. आणि मी खुळी, डोळे पुसत बसले.

बोलवत नाही. त्या दोन शब्दांतच सगळी मेख होती.

खरी रीत आहे ती. नव्या माणसाला यजमान पहिल्यांदा एकदाच सांगतो, पुढे ज्याचं त्यानं यायचं. पण व्हॅम्पायरला घरधन्यानं तोंडानं "ये" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. म्हणजे वुकोमन काही वाईट बोलणार नव्हता, हात उगारणार नव्हता. तो फक्त रीत पाळणार होता. उन्हात ओब्रेनची राख होईल, म्हणून सूर्य बुडाल्याशिवाय तो येऊ शकत नाही, आणि सूर्य बुडाला की डोंगरामागून चंद्र वर यायला कॉफी उकळेल एवढाच वेळ. चंद्र आला की आम्ही लांडगे होतो, मग आम्हाला नातं कळत नाही, गोत कळत नाही. कळतं एवढंच की या छपराखाली, या मेणबत्तीपुढे ज्यानं प्रसादाचे गहू खाल्ले, त्याला दात लावायचे नाहीत. बाकी बाहेर कोणी उभं असेल तर त्याचं नशीब. आणि व्हॅम्पायरच्या वासानं तर आमचं जुनं वैर उफाळून येतं. आम्ही तिघं त्याला फाडणार होतो. तिघांत रोसांदाही.

मी हात धुतले आणि तळघरात गेले. वुकोमन पिंपातून वाइन काढत होता.

"तू तिच्याच दातांनी त्याला मारणार आहेस," मी म्हटलं.

त्यानं तोटी बंद केली. "मी काही करत नाहीये, ताई. रीत आहे ती करतोय."

"रीत मला शिकवू नकोस. तुझे लंगोट मी धुतलेत."

"मग ऐक. ती साठीची होईल आणि तो आज आहे तसाच असेल. तिचे गुडघे दुखतील तेव्हा हा कोणाबरोबर नाचत असेल? तेव्हा तू नसशील, मी नसेन. चार दिवस रडेल, मग विसरेल."

"स्वतःच्या तोंडाला त्याचं रक्त लागलेलं विसरेल?"

तो घागर उचलून वर गेला. मला त्याचा इतका राग आला की पिंपाला लाथ मारली, आणि वर पायच दुखला.

रोसांदाला सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिनं फोनवर फोन केले, पण दिवसा तो मेलेलाच असतो, फोन कोण उचलणार. मग बापाच्या मागे लागली. त्याच्या पायाशी बसून म्हणाली, "बाबा, एकच शब्द. 'ये' म्हणा." वुकोमन पाहुण्यांना वाइन ओतत राहिला. पाहुण्यांनीही नजर ताटातून वर काढली नाही. उजेड कलला तसे ते टोप्या शोधायला लागले, आणि घर रिकामं झालं.

सूर्य बुडाला आणि फाटक वाजलं.

ओब्रेन आला होता. इस्त्रीचा कोट, एका हातात वाइनची बाटली, दुसऱ्या हातात कॉफीचं पाकीट, रीतीप्रमाणे. उंबऱ्याशी येऊन थांबला. "स्लावा मंगल असो, यजमान."

"असो," वुकोमन मेणबत्तीजवळच्या खुर्चीतून म्हणाला.

दार सताड उघडं होतं. ओब्रेन हसतमुखानं वाट बघत राहिला, आणि मग हळूहळू त्याचं हसू गेलं.

"ये ना आत," रोसांदा म्हणाली. "ये. मी सांगते ये." तिनं त्याचा हात धरून ओढला. त्याची बोटं चौकटीच्या आत आली तशी चर्र झालं आणि जळक्या चामड्याचा वास आला. त्यानं हात मागे घेतला. बोटांवर टरारून फोड आले होते.

मी गव्हाचं भांडं उचलून दाराकडे धावले.

"ताई, प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही," वुकोमन म्हणाला. आणि ते खरंच होतं. बाहेर खाल्लेल्या गव्हाला आमचे दात ओळखत नाहीत.

डोंगराची कड उजळायला लागली होती. माझ्या हिरड्या दुखायला लागल्या, त्या नेहमी आधी दुखतात. रोसांदा बाहेर जाऊन त्याच्या समोर उभी राहिली आणि त्याला ढकलायला लागली. "जा. पळ. मी तुला ओळखणार नाही, कळतंय का तुला? मीच पहिली येईन."

"पळून किती लांब जाणार?" तो म्हणाला. "आणि गेलो तर आलोच नाही असं होईल."

"मेल्या, जीव वाचव आधी," मी ओरडले. तोंडातून गेलं ते गेलं. तो एवढ्यातही किंचित हसला.

मग वाकून त्यानं उंबऱ्याच्या दगडाजवळ हात नेला, न लावता. "हा थोडा डावीकडे खचलाय," तो म्हणाला. "मी तेव्हाच उस्तादांना म्हटलं होतं, खाली खडी कमी पडली."

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. एवढ्या दिवसांत आम्ही सगळ्यांनी तो काय आहे हेच विचारलं होतं. तो कुठला, कोणाचा, हे गावात अनोळखी कुत्र्यालाही विचारतात, ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"अरे, तू कोणाचा?"

"खालच्या वाडीचा, आत्या. गवंड्याच्या हाताखाली होतो. हे घर आम्ही बांधलं, तनासियेबाबांसाठी." तनासिये म्हणजे आमचे पणजोबा. त्यांचं चित्र मेणबत्तीच्या वरच टांगलेलं होतं.

"आणि त्यांनी तुला स्लावाला बोलावलं होतं का? नीट आठव."

"बोलावलं होतं. म्हणाले, एकदा सांगतोय, पुढे बोलावण्याची वाट बघू नकोस. आलो होतो मी. गहू खाल्ले होते. पुढची स्लावा यायच्या आत मी मातीत गेलो."

मी वुकोमनकडे वळले. "ऐकलंस? याला बोलावलंय."

"बोलावणारा मेला, ताई. त्याच्याबरोबर बोलावणंही मेलं."

"मीही मेलोय, यजमान," ओब्रेन बाहेरून म्हणाला. "हे आम्हा दोघा मेलेल्यांतलं आहे."

या घरातून बोलावलेला माणूस कधी परत गेला नाही, ही वुकोमनचीच फुशारकी, दर वर्षी तिसऱ्या पेल्यानंतरची.

"मग उभा काय राहिलास?" मी ओब्रेनला म्हटलं. "ये की."

तो हलला नाही. "आत्या, मेल्यावर मी पहिल्यांदा आमच्याच घरी गेलो होतो. आई दारात उभी राहून रडत होती. मला वाटलं, माझंच घर, मला कोण अडवणार. पाय टाकला तो घोट्यापर्यंत जळला. जन्मलो त्या घरानं घेतलं नाही, तर हे कसं घेईल? अख्खा आत गेलो आणि नाही घेतलं तर राख होईन. तिच्यासमोर."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "अरे वेड्या, आईच्या घरी कोण कोणाला 'ये' म्हणतं? तू तिथे जन्मलास. तुला तिथे कोणी कधी बोलावलंच नव्हतं. इथे बोलावलंय. मघाशी बोटं जळली ती रोसांदाच्या 'ये'वर आलास म्हणून, आता पणजोबांच्या बोलावण्यावर ये."

रोसांदाच्या हाताचे सांधे सुजायला लागले होते. ती धडपडत आत आली, भिंतीला टेकली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिला आता बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात वुकोमन उठला. मला वाटलं दार लावतो आता. मी मध्ये आडवी आले. पण तो उंबऱ्याच्या आत, ओब्रेनच्या समोर उभा राहिला.

"ती म्हातारी होईल," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता, अर्धा लांडग्याचा. "मग?"

"मग मी तिचे गुडघे चोळेन."

"आणि मेल्यावर?"

"तिला मी माझ्या हातानं पुरेन," ओब्रेन म्हणाला. "आणि तिथेच बसून राहीन. उजाडेपर्यंत."

वुकोमनच्या तोंडून "ये" निघालं नाही. त्या मेल्या अभिमानानं निघूच दिलं नसतं. पण तो एक पाऊल बाजूला सरला.

ओब्रेननं बाटली आणि कॉफी छातीशी धरली, डोळे मिटले आणि उंबऱ्यावर पाय ठेवला. मी कान घट्ट दाबून धरले, चर्र ऐकू येऊ नये म्हणून. काही झालं नाही. दुसरा पाय आत आला. तो आमच्या घरात उभा होता, अख्खा.

"गहू," मी किंचाळले. "गहू खा आधी, नवलाई नंतर."

त्यानं मेणबत्तीपुढे क्रूस काढला. कपाळाला बोट लावलं तिथे चटका बसला, तरी पुरा काढला. गहू आम्ही शिजवतो ते आमच्या मेलेल्यांच्या नावानं. त्यानं चमचा तोंडात घातला, चावला, गिळला, आणि खिडकीत चंद्र आला. पुढचं मला आठवत नाही.

सकाळी जाग आली तेव्हा मी टेबलाखाली होते. भाजलेलं डुक्कर हाडांसकट संपलं होतं, कोबीचं भांडं चाटून पुसून लख्ख. खिडक्यांच्या फळ्या कोणीतरी आतून घट्ट लावल्या होत्या. चुलीच्या कोपऱ्यात ओब्रेन बसला होता, आणि त्याची नवी पँट आमच्या केसांनी भरून गेली होती. रोसांदाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. त्याच्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. मी पुन्हा पुन्हा बघून खात्री केली. समोर वुकोमन घोंगडी पांघरून बसला होता आणि ओब्रेननं आणलेली कॉफी पीत होता.

बाहेर ऊन होतं, त्यामुळे ओब्रेन दिवसभर लोणच्यांच्या खोलीत राहिला. दुसऱ्या दिवशीचे पाहुणे आले, जेवले, गेले. वुकोमननं त्याच्याविषयी एक अक्षर काढलं नाही. रोसांदा ताटं धुताना बापाकडे चोरून बघत होती, आणि तिच्या हातून एक बशी फुटली.

अंधारल्यावर ओब्रेन कोट घालून निघाला. उंबऱ्यापाशी थांबला, टोपी हातात घेतली आणि वळला. ही परवानगी एका वर्षाची की कायमची, तेच त्याला विचारायचं होतं.

"यजमान, पुढच्या वर्षी..."

वुकोमन मेणबत्तीचं राहिलेलं टोक कापडात गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"स्लावाला आम्ही कोणाला बोलवत नाही," तो म्हणाला.

अगदी त्याच सुरात म्हणाला, ज्या सुरात तो चाळीस वर्षं शेजाऱ्यांना सांगत आलाय. ओब्रेनला कळलं. तो मान लववून बाहेर पडला आणि रोसांदा त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत पळाली. मी रुमालात तोंड घालून पोटभर रडले, आणि मग कात्रीचा दोरा सोडून ठेवला.