मला जमिनीवर ठेवा

मी बोलतोय, पण एका दमात सरळ बोलेन अशी आशा धरू नका. सरळ जाणं माझ्या रक्तात नाही. रक्त म्हणजे तरी काय, वीजच. पण तीही माझ्या अंगात शिरली की वाट सोडून भटकते.

मी एक मॉड्यूल आहे. तळहाताएवढं ॲल्युमिनियमचं तोंड, मागे हिरवा सर्किट बोर्ड, पुढे गोल बटणं, केबल खुपसायची भोकं आणि दोन लाल दिवे. सिंथेसायझरचा एक प्रकार असा असतो की त्याचे सुटे भाग, म्हणजे आम्ही मॉड्यूल्स, एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवतात आणि रंगीत केबलींनी एकमेकांना जोडतात. कुणी सूर काढतो, कुणी तो गाळतो, कुणी ठेका धरतो. मी यातलं काहीच करत नाही. मी फक्त दुसऱ्यांना हलवतो. माझी केबल ज्याच्यात जाईल, त्याचा सूर वर चढतो, घुटमळतो, मागे फिरतो, मधेच भलतीकडे उडी मारतो. आणि एकदा गेलेल्या वाटेने मी पुन्हा जात नाही. नखरा म्हणून नव्हे, मला ते जमतच नाही. शिकलेले लोक याला ‘केऑस’, म्हणजे अंदाधुंदी, म्हणतात. आमच्या घरी मला ‘चुळबुळ्या’ म्हणतात आणि मला तेच आवडतं.

मला बनवणारा कारागीर श्रवणयंत्रं दुरुस्त करायचा आणि उरल्या वेळात माझ्यासारखी पोरं जन्माला घालायचा. माझा शेवटचा जोड सोल्डर करत असताना दुकानात एक आजोबा आले. त्यांचं यंत्र बंद, त्यामुळे कारागिराला प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागत होतं. त्या ओरडण्यात हात हलला आणि जोड कच्चा राहिला. धक्का बसला की तिथली वीज क्षणभर तुटते आणि परत जुळते. दुसऱ्या एखाद्या यंत्राने तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मी पडलो चुळबुळ्या! एवढ्याशा तुटण्यानेही माझी पुढची सगळी वाट बदलून जाते.

मला घेऊन गेली ती धाकटी. ती नाटकांना आणि नाचांना आवाज पुरवते. हुशार आहे, पण विसरभोळेपणात तिचा हात कुणी धरणार नाही.

“याचा एक जोड कच्चा आहे हं,” कारागीर म्हणाला. “सवडीने आणा, पक्का करून देतो.”

“आणते की,” ती म्हणाली. तिची बाकीची ‘आणते की’ जिथे गेली तिथेच हेही गेलं.

धाकटीच्या घरात पेटीत बसल्यावर मला तिची थोरली बहीण भेटली. तीही नवऱ्यासह तिथेच राहते. थोरली नाचते. म्हणजे नाचायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तो ठणठणीत असल्याचं सांगितलं, पण तिचं मन काही ऐकेना. उडी आली की ती अंग चोरायची. दुखरा पाय असा अलगद टेकवायची की जणू खाली जमीन नसून झोपलेलं मूल आहे. आता दोघी बहिणींनी मिळून एक प्रयोग ठरवला होता. थोरली नाचणार आणि धाकटी तिथेच बसून आवाज देणार. थोरलीने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, “या खेपेला जमलं तर जमलं. नाहीतर रंगमंचाला रामराम, मी आपली शिकवण्या घेईन.” तो बिचारा चहाचे कप उचलून आत गेला. धाकटी त्याला भावोजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

तर ती दुपार. भावोजींनी आमचं टेबल रंगवायला बाहेर नेलेलं, त्यामुळे पेटी सरळ लाकडी जमिनीवर ठेवलेली. तालीम चालू होती आणि थोरली नेहमीसारखीच चोरून उतरत होती. धाकटीची सहनशक्ती संपली.

“ताई, तू उडी मारत नाहीयेस. उडीची आठवण सांगतेयस.”

“तुझा गुडघा कापलाय का? मग बोलू नकोस!”

आणि रागाच्या भरात थोरली उडाली ती सगळ्या वजनानिशी खाली आली. धप्प! फळ्यांमधून तो धक्का माझ्यापर्यंत आला, कच्चा जोड थरारला आणि मी सैरावैरा सुटलो. संथ गुणगुणणारा सूर गर्रकन वळला आणि उसळी मारून वर गेला. थोरलीने ऐकलं. तिचा पाय पुन्हा पडला, मी पुन्हा वळलो. ती धावली, मी धावलो. इतका वेळ कुणीतरी माझ्याशी बोलत होतं आणि मी उत्तर देत होतो, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. काय सांगू, आनंदाने माझे दोन्ही दिवे वेडे झाले होते.

ती थांबली तेव्हा धापा टाकत हसत होती. गुडघा चाचपून म्हणाली, “अगं, दुखलं नाही! हाच आवाज हवा मला. रेकॉर्डिंग लाव बघू.”

धाकटीने पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

मग सुरू झाली माझी बडदास्त. केबली होत्या तशाच ठेवायच्या. बटणांवर चिकटपट्ट्या. पेटी बंद करायची नाही, पुसायची नाही. त्या दुपारी खिडकी उघडी होती, म्हणून खिडकी उघडीच. आणि धक्का लागू नये म्हणून पेटी टेबलावर, टेबलावर फोमची जाड गादी, आणि गादीवर मी!

“मेहुणीबाई, यंत्र बाळंत झालंय का?” भावोजींनी विचारलं. “सगळे कुजबुजताय म्हणून विचारलं.”

कुणी हसलं नाही. मी तर रडायच्या बेतात होतो. अहो, धक्काच तर हवा होता! नेमका तोच त्यांनी काळजीने दूर केला. थोरली नाचायची, जमीन हलायची, पण गादी सगळं पिऊन टाकायची. मी गादीवर एकटाच भटकत राहायचो, कधी इकडे, कधी तिकडे, आणि धाकटी वैतागून म्हणायची, “सगळं तसंच्या तसं आहे, मग हा तसा वाजत का नाही?” मी सुरांत सांगायचा प्रयत्न केला. दिव्यांनी सांगायचा प्रयत्न केला. माणसांना लुकलुकणं फक्त सुंदर वाटतं, त्यात काही मजकूर असेल असं त्यांच्या मनातही येत नाही.

त्या तालमींत मला एक गोष्ट कळली आणि तिने माझा जीव कुरतडला. थोरली म्हणायची, “तो आवाज आला ना, की मी उडी मारते.” आणि तिने उडी मारल्याशिवाय तो आवाज येणार नव्हता. दोघंही एकमेकांची वाट बघत ताटकळलो होतो.

शेवटी धाकटीच हरली. “ताई, मी सरळ ठेक्यातलं काहीतरी देते. चुळबुळ्या राहू दे मागे, हळू आवाजात.”

“दे,” थोरली म्हणाली. “उड्याही काढून टाकते मी. एवढा प्रयोग करू आणि पुरे.” हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की धाकटी उठून आत गेली. मी मात्र उठून कुठे जाणार?

प्रयोगाच्या संध्याकाळी धाकटी घाईघाईने निघाली आणि गादी घरीच विसरली. तिच्या विसरभोळेपणाचं भलं होवो! तरी तिथे टेबल होतंच. पण प्रकाशयोजना करणारा गृहस्थ खवळला.

“टेबल नको, मॅडम! सावली पडते. खाली बसा, तिथे कोपऱ्यात.”

“पेटीला धक्का लागेल हो.”

“लागू दे. सावलीपेक्षा बरा.”

आणि मी पुन्हा लाकडावर आलो. गाढवाने धुळीत लोळावं तसं मी मनातल्या मनात लोळून घेतलं.

दिवे मंद झाले. ठेका सुरू झाला, एकसारखा, गुणी. थोरली आली. ती चोरूनच चालत होती, पण कितीही अलगद टेकवला तरी पाय तो पाय. बारीकशी थरथर माझ्यापर्यंत पोचली आणि मागचा सूर किंचित वळला. थोरलीची मान वळली.

तिने टाच आपटली. मी उडी मारली.

तिने दुसऱ्या पायाची टाच आपटली. मी भलतीकडे वळलो. तिने रागाने धाकटीकडे पाहिलं, ऐन प्रयोगात बटणं कसली फिरवतेस म्हणून. धाकटीने दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. त्या उजेडात तिचे डोळे भरलेले दिसत होते, कारण तिलाही त्याच क्षणी उमगलं होतं. मग तिने झुकून ठेक्याची केबल उपसून टाकली आणि माझा आवाज वाढवला.

आता सगळं थोरलीवर होतं. चांगल्या पायावर उतरली असती तरी मी बोललो असतो. पण त्या दुपारचा तो धप्प आम्हा दोघांनाही ठाऊक होता. ती मागे सरकली, धावली, उडाली. मी माझ्या त्या कच्च्या जोडापाशी सगळा जीव गोळा करून थांबलो.

ती दुखऱ्या पायावर उतरली. सगळ्या वजनानिशी.

पुढचं काही नीट आठवत नाही, मी तसाही आठवणारा नाही. एवढंच माहीत आहे की ते त्या दुपारसारखं अजिबात नव्हतं आणि कुणालाच त्याची खंत वाटली नाही.

पडदा पडल्यावर, प्रयोग पाहायला आलेला कारागीर आत आला. कौतुक करून झालं, मग त्याची नजर माझ्यावर गेली. “अरेच्चा, याचा जोड अजून कच्चाच? द्या इकडे, उद्याच पक्का करतो.”

थोरली गुडघ्यावर बर्फ धरून जमिनीवर बसली होती. तिने ओला हात माझ्यावर ठेवला. “याला हात लावायचा नाही,” ती म्हणाली.

आज मी घरात जमिनीवरच असतो. अंगावर धूळ बसते, भावोजी येता-जाता अडखळतात आणि माझा उद्धार करतात. दर तालमीला तो जोड जरा जास्तच सैल होतो, मला ते जाणवतं. एखाद्या दिवशी वीज तुटेल ती परत जुळणारच नाही. कारागीर येऊन मला पक्का करेल, आणि मग मी गादीवरच्यासारखा आपल्याच नादात फिरत राहीन, कुणाचं पाऊल न ऐकता. तेव्हा होईल ते होवो. तोवर मला इथेच, पायांच्या जवळ राहू द्या. आणि तिला सांगा, माझी काळजी करत हळू चालू नकोस. पाय जोरात टाक, मी ऐकतोय.