तपासणीचा पाहुणचार

"आमच्या घराण्यात आजवर कुणी सरकारपुढे हात पसरलेला नाही!" असं वूच शहरातल्या लेओकादियाबाईंनी ठणकावून सांगितलं आणि घरभाड्याच्या मदतीच्या अर्जावर सही केली. मदत मिळाली नाही, तर घर सोडावं लागणार होतं.

पालिकेच्या साबिनाबाई परिस्थिती पाहायला आल्या, तर टेबलावर सोनेरी कडांचे कप, हॅमचे काप आणि खसखशीचा केक. त्यांनी चवीनं एक तुकडा संपवला.

"एवढा थाट असताना मदत कशाला?" असं म्हणत त्यांनी 'नामंजूर'च्या रकान्याकडे पेन नेलं.

लेओकादियाबाई ताठ बसून राहिल्या. चहाला आलेल्या शेजारच्या वितोल्डला मात्र राहवेना.

"अहो बाई, कप माझे, हॅम तिसऱ्या मजल्यावरचं, केक माझ्या बहिणीचा. मावशींचं यात फक्त गरम पाणी आहे!"

"आणि साखर!" लेओकादियाबाई कडाडल्या. "पाहुण्याला काय रिकाम्या टेबलाशी बसवू?"

साबिनाबाईंनी हसू दाबत 'मदत द्यावी' असं लिहिलं आणि केकच्या दुसऱ्या तुकड्याकडे हात नेला.

"साखर हवी तेवढी घ्या हो," लेओकादियाबाई हळूच म्हणाल्या, "केक तेवढा राहू द्या. उरलेला परत द्यायचाय."