नऊ कोरे चौकोन

मी एक जुने, परंतु नऊ वर्षे कोरे राहिलेले आरोग्यकार्ड आहे. मित्रांनो, इतकी वर्षे कोरे राहणे ही भूषणाची गोष्ट नव्हे, हे मला फार उशिरा उमगले.

मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यात परशुरामकाकांनी एकतीस वर्षे सेवा केली. ते निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी शाल व श्रीफळाबरोबर मला त्यांच्या स्वाधीन केले. माझ्यावर काकांचा व त्यांच्या पत्नी हिराकाकूंचा फोटो आहे. पाठीवर पंधरा चौकोन आहेत. दरवर्षी उभयतांची मोफत तपासणी व्हावी व तिची नोंद एकेका चौकोनात व्हावी, असा कारखान्याचा नियम आहे.

काका मला घेऊन किनाऱ्याकडील कट्टा या बाजारपेठेजवळच्या आपल्या गावी परतले. खाऱ्या हवेने मी सादळू नये म्हणून त्यांनी माझे लॅमिनेशन करून आणले. पाहुणे आले की ते मला ट्रंकेतून काढून अभिमानाने दाखवीत. मलाही गर्व वाटे. दवाखान्यात मात्र त्यांनी मला कधीच नेले नाही. किरकोळ कामाला वापरले तर मोठ्या आजाराच्या वेळी सवलत उरणार नाही, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

दहाव्या वर्षी काकूंच्या हातून आमटी ताटाबाहेर सांडू लागली. एके सकाळी त्यांनी उजवा डोळा झाकून पाहिले. समोर नुसता अंधार होता. त्यांनी मला बाहेर काढण्यास सांगितले.

काका म्हणाले, "तां मोठ्या दुखण्याक ठेवलेला आसा."

"मगे काय माझ्या बाराव्याक काढतलात?" काकू शांतपणे म्हणाल्या.

त्याच दिवशी आम्ही कारखान्याने नेमून दिलेल्या कणकवलीच्या दवाखान्यात गेलो. खिडकीमागच्या योगिनीताईंनी मला उलटसुलट करून पाहिले. तपासण्या साठून राहत नाहीत, ज्या त्या वर्षी न केल्यास त्या बुडतात, असे त्यांनी समजावले. प्लॅस्टिकवर शाई धरत नव्हती. त्यांनी काकांपुढे कात्री ठेवली.

काकांचा हात थबकला. "कार्ड खराब होयत मां?"

"माझो डोळो खराब झालो, तेचा काय?"

काकांनी मान खाली घातली आणि माझ्यावरचे प्लॅस्टिक कापून काढले. माझी एक कड फाटली.

डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. डाव्या डोळ्याची गेलेली दृष्टी परत येणार नव्हती. वेळीच तपासणी झाली असती तर ती वाचली असती, असे ते म्हणाले. उजवा डोळा मात्र रोजच्या औषधाने राखता येईल. हे ऐकून काका बराच वेळ काकूंचा हात धरून बसले. त्यांनी क्षमा मागितली नाही. औषधाची वेळ मात्र दोनदा विचारून घेतली.

माझ्या दहाव्या चौकोनात आता काकूंचे नाव आहे. त्याआधीचे नऊ चौकोन कोणालाही भरता येणार नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे कार्ड जपून ठेवलेले असेल. त्याला बाहेर काढा. ते मळू द्या, चुरगळू द्या, शाईने भरू द्या. मला जपू नका. ज्यांचे फोटो माझ्यावर आहेत, त्यांना जपा.