नळीचं तोंड

कोळंबी धुण्याच्या पाण्यात जंतू सापडले आणि साहेबांनी बळीचा बकरा लगेच ठरवून टाकला: तीन नंबरचं टेबल. धाकटीची थोरली बहीण त्याच टेबलावर कोळंबी सोलायची. "पाचपर्यंत दुसरं कारण दाखवा," साहेब धाकटीला म्हणाले, "नाहीतर त्या बायका उद्यापासून घरी."

धाकटी म्हणजे कारखान्याचं पाणी तपासणारी. आठवडाभर ती त्या जंतूंच्या हात धुऊन मागे लागली होती. विहीर स्वच्छ, टाकी स्वच्छ, बर्फ स्वच्छ. नळही स्वच्छ, तो ती रीतसर, रबरी नळी काढून, तोटीवरचे जंतू मारायला तिला ज्योत लावून तपासायची. घाण निघायची ती सोललेला माल शेवटचा धुतात त्या पाण्यात, आणि बायकांच्या हातांवर. साहेबांना आणखी काय हवं होतं?

दुपारी ती टेबलाशीच उभी राहिली.

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या," थोरली म्हणाली.

"ताई, बघू दे गं जरा."

तेवढ्यात बर्फाचं यंत्र पाणी भरायला लागलं आणि नळांचा जोर गेला. नळी कच्च्या कोळंबीच्या टबात बुडालेली होती. पाण्यावरचं एक सालपट हळूच तिच्याकडे सरकलं आणि आत गेलं. नळी घाण पाणी ओढून घेत होती, आणि याच नळीने बायका सोललेला माल धुणार होत्या.

"नळी टबात कुणी ठेवली?"

"आम्हीच. तूच लिहिलंयस ना भिंतीवर, नळी जमिनीला लागता कामा नये? खुंटी कुठंय इथे? मग टबातच ठेवणार की!"

भिंतीवर तिचंच अक्षर होतं, लाल आणि वळणदार. काखेत कळसा अन् गावाला वळसा! तिला स्वतःची भयंकर चीड आली.

थोरली जवळ आली, हळूच म्हणाली, "हे बोललीस तर तुझी नोकरी जाईल. माझं काय, कोळंबी कुठेही सोलता येते. गप्प बस आणि एक खुंटी ठोकून टाक."

पाचला दहा कमी होते. धाकटी खोलीत शिरली तशी साहेबांनी मान वर केली. "सापडलं? कुणाचे हात?"

"माझे," धाकटी म्हणाली. तिने नळीपासून भिंतीवरच्या अक्षरापर्यंत सगळं सांगून टाकलं. दाराबाहेर थोरली हात एप्रनला पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी ती पुसतच राहिली.