दुसरी आंघोळ

बाबांनी त्या दिवशी दोनदा आंघोळ केली, आणि नुपूरच्या ते लक्षात आलं ते फक्त गरम पाणी संपलं म्हणून.

ऑस्ट्रेलियात, टूनगॅबीतल्या त्यांच्या भाड्याच्या घरात पाण्याची टाकी एवढीशी. एकाची आंघोळ झाली की दुसऱ्याने जरा दम धरायचा, असा घरचा नियम. नुपूरने धरला होता दम. बाबा उजाडतानाच आंघोळ करून बाहेर आले, हे तिने झोपेत का होईना ऐकलं होतं. मग फोन वाजला, मागचं दार उघडलं, लागलं. आणि ती डोक्याला शॅम्पू लावून शॉवरखाली उभी, तर पाणी बर्फ.

ती केस तसेच गुंडाळून स्वयंपाकघरात आली.

"बाबा, दोनदा आंघोळ करायला आज काय तुझं लग्न आहे?"

बाबांच्या केसांतून पाणी गळत होतं. "घाम आला होता गं."

"एसीत?"

"नुपूर, सकाळी सकाळी नको. आज देवापुढे दिवा तू लाव."

ती बघतच राहिली. तिच्या बोटांना सिगरेटचा वास येतो म्हणून गेलं वर्षभर बाबा तिला देव्हाऱ्याच्या वाऱ्याला उभं करत नव्हते. पण आज भांडण नको, असं तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं. तिने दिवा लावला आणि उदबत्ती फिरवली. बाबा दारात उभे राहून बघत होते, आत काही आले नाहीत.

आजचा दिवस आईचा होता. सव्वीस जानेवारी, ऑस्ट्रेलिया डे. समोरच्या घरातल्या पोरांनी यूटच्या, म्हणजे त्यांच्या पिकअप गाडीच्या, दोन्ही खिडक्यांना झेंडे लावले होते आणि शेजारून सकाळपासूनच सॉसेज भाजल्याचा वास येत होता. कौन्सिलने हॉलमधला कार्यक्रम करोनामुळे दोनदा पुढे ढकलला आणि शेवटी ऑनलाइन केला. आता एक बाई लॅपटॉपच्या स्क्रीनवर येणार, एकेकाकडून शपथ वदवून घेणार, की झाले हे तिघं ऑस्ट्रेलियन. नुपूर सतरा वर्षांची, तिलाही आईबाबांसारखी स्वतःची शपथ घ्यावी लागणार होती. शाळा लॉकडाउनमध्ये सोडलेली, वेअरहाउसमध्ये ट्रॉली ढकलणारी मुलगी देशाला कशी चालते, हा बाबांचा जोक. बाबांचे जोक तिच्या डोक्यात जायचे.

शपथेचे मसुदे दोन होते. एकात देव, एकात नाही. "देव असलेली घेऊ, नसलेली नको," असं आई, म्हणजे विनीता, म्हणाली होती, आणि गेला आठवडाभर पोळ्या लाटताना ती पुटपुटत होती, फ्रॉम धिस टाइम फॉरवर्ड, अंडर गॉड.

"खाली पायजमा चालेल, स्क्रीनवर कोण बघतंय," नुपूर म्हणाली होती.

"शपथ आहे, तुझ्या बाबांची ऑफिस मीटिंग नाही. पैठणीच नेसणार."

आत्ता आई रव्यात केळं कुस्करत होती आणि मधेच इकडेतिकडे बघत होती. "यतीन, माझा फोन बघितलास? आईचा फोन यायचा होता."

"गाडीत लावलाय चार्जिंगला. घरातला चार्जर गेलाय," बाबा म्हणाले आणि गॅरेजकडे निघून गेले.

ओट्यावर चार्जर होता. त्याला नुपूरचा फोन लावलेला होता, आणि तो मजेत चार्ज होत होता. नुपूरने ते बघून ठेवलं, ती सवय तिला होतीच.

चिंचवडला आईचे वडील, आप्पा, आठवड्यापासून हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होते. आजीही पॉझिटिव्ह, पण घरीच, एकटी. डबा दाराबाहेर ठेवून शेजारी पळून जायचे. आई त्यांची एकुलती एक.

नुपूर सिगरेट घेऊन मागच्या अंगणात गेली. गोल फिरणाऱ्या दोरीवर बाबांचा शर्ट, पँट, बनियन लटकत होते. न पिळलेले. खालच्या वाळक्या गवतावर टपटप पाणी पडत होतं. आयुष्यात स्वतःचा रुमाल न धुतलेला माणूस.

हे तिने आधी पाहिलं होतं. गेल्या मे महिन्यात सांगलीला बाबांची आई गेली, तेव्हा बाबा फोन ठेवून अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली जाऊन उभे राहिले होते. "आंघोळीची बातमी आहे," आईने तिला हळूच सांगितलं होतं. मग कितीतरी दिवस बाबा देवांना शिवले नाहीत. काकाने फोनवर दाखवलेला अग्नी त्यांनी गॅरेजमध्ये एकट्याने बघितला. तेव्हाही इथून कोणाला बाहेर जाता येत नव्हतं.

ओले कपडे, दिवा, फोन. सिगरेट पेटवायची राहूनच गेली.

गॅरेजमध्ये बाबा गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. मांडीवर आईचा फोन. तो सारखा उजळत होता, विझत होता. नुपूर पलीकडचं दार उघडून आत बसली.

"आप्पा गेले ना?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "इथल्या पहाटे. तिकडे मध्यरात्र होती. हळू बोल."

"आणि तू मला दिवा लावायला सांगितलास."

"तुला माहीत नव्हतं. ऐकलं नाही तोवर सुतक लागत नाही."

"सोयीचं आहे." तिचा आवाज चढायला लागला. "आईला का नाही सांगितलंस?"

"सांगणार आहे. शपथ झाली की लगेच. अर्धा तास दे मला."

"तिचे वडील आहेत, बाबा. तुझी अपॉइंटमेंट नाही."

"ऐक. एकदा ऐक आणि मग काय तमाशा करायचाय तो कर." बाबांनी फोन उलटा केला. "तिच्याकडे इंडियन पासपोर्ट आहे तोवर ती उद्यासुद्धा निघेल. इकडून परवानगी काढेल, तिकडे व्हिसा लागत नाही. आजी एकटी आहे म्हटल्यावर ती थांबणार आहे का? शपथ घेतली की तो पासपोर्ट संपला. नवा यायला वेळ, व्हिसा तर बंदच. मग नाही जाता येणार."

"म्हणजे तू दार लावून घेतोयस."

"माझ्या ऑफिसातला गुरुदत्त सप्टेंबरात आईला बघायला नागपूरला गेला. आहे का परत? नोकरी गेली, बायको इथे ब्लॅकटाउनला दोन पोरं घेऊन बसलीय, आणि फ्लाइटच्या यादीत नाव काही वर सरकत नाही. आप्पा तर गेले. कॉर्पोरेशनचे लोक परस्पर नेणार आहेत त्यांना, कोणाला जवळ येऊ देत नाहीत. विनीता जाऊन काय करणार? तीही पडेल तिकडे आजारी."

नुपूरला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हाताशी सॅनिटायझरची बाटली होती, ती तिने घट्ट धरून ठेवली. वैताग हा की बाबा खोटं बोलत नव्हते.

"मी पण नाही गेलो नुपूर," बाबा म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा. मेलो का मी?"

ती उतरली. दार आपटायचं होतं, आपटलं नाही.

आत आई निऱ्या हातात धरून उभी होती. "कुठे होतीस? पिन लाव ना खांद्याला. सरळ लाव हां, गेल्या वेळी काखेत टोचत होती."

नुपूरने पिन लावली. हिरव्या पैठणीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. आई आरशात बघून पुटपुटत होती. तेवढा अर्धा तास, नुपूर स्वतःला सांगत होती. तोंड उघडायचं नाही. एकदा तरी आयुष्यात उघडायचं नाही.

तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवला होता. स्क्रीनवर लिहून आलं, थोडं थांबा, अधिकारी येत आहेत.

आईने ओळख दाखवायला आपलं ड्रायव्हिंग लायसन्स समोर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मग म्हणाली, "यतीन, फोन आण ना माझा. आप्पांना लावून देते."

"आत्ता?"

"अरे, त्यांनी विचारलं होतं, किती वाजता आहे म्हणून. मास्क काढून विचारलं. नर्सला सांगून ठेवलंय, फोन कानाशी धर म्हणून. तिकडे पहाट असेल, पण आप्पा उठलेले असतात. दिसलं नाही तरी ऐकू दे त्यांना."

"नंतर रेकॉर्डिंग पाठवू," बाबा म्हणाले.

"रेकॉर्डिंग काय रे. आण ना."

बाबा हलले नाहीत. आई हसून नुपूरकडे वळली. "जा गं तू तरी. गाडीत आहे म्हणे."

"आप्पा गेले, आई," नुपूर म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, जणू कोणी काढायला विसरलंय. तिने आधी बाबांकडे बघितलं, मग त्यांच्या ओल्या केसांकडे, मग देव्हाऱ्याकडे.

"म्हणून दिवा हिने लावला," ती म्हणाली.

"विनीता, मी सांगणारच होतो."

"कधी गेले?"

"इथल्या पहाटे."

आई उठली. पैठणी दोन्ही हातांनी वर धरून चालत बाथरूममध्ये गेली. कडी लागली. पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि तेवढ्यात स्क्रीनवर एक गोरी, पन्नाशीची बाई आली. टेबलावर छोटा झेंडा होता, गळ्यात मोत्यांची माळ. "गुड मॉर्निंग, आणि हॅपी ऑस्ट्रेलिया डे. तिघं आहात ना?"

"माझी मिसेस येतेय," बाबा इंग्रजीत म्हणाले. "एक मिनिट."

"नो वरीज. तुमच्यापासून सुरू करू."

बाबांनी शपथ घेतली. एकही शब्द न अडखळता, जसे ते टीमसमोर आकडे वाचून दाखवतात तसे. मग बाई नुपूरला म्हणाली, "युअर टर्न, डार्लिंग." नुपूर बोलत गेली. अंडर गॉड म्हणताना मागे पाणी वाहतच होतं. गार पाणी. टाकीत गरम उरलंच नव्हतं, हे तिला माहीत होतं.

"काँग्रॅच्युलेशन्स," बाई म्हणाली.

आई आली ती अंग न पुसताच, जुन्या गाऊनमध्ये, केसांना टॉवेल गुंडाळून. ओठ निळे पडले होते. ती खुर्चीवर बसली आणि हळू, नीट जुळवलेल्या इंग्रजीत म्हणाली, "माझे वडील आज वारले. आई तिकडे एकटी आहे, आजारी आहे. मी आत्ता हे बोलले, तर माझ्या या पासपोर्टवर मला जाता येईल का?"

बाईने चष्मा काढला. "मला त्यावर सल्ला देता येत नाही. एवढंच सांगते, बोललात की त्या क्षणापासून तुम्ही ऑस्ट्रेलियन. तुमच्याकडे बारा महिने आहेत, आज नाही केलं तरी चालेल. आय ॲम सो सॉरी, लव्ह."

आईने टेबलावरचं लायसन्स हाताने झाकलं. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण आपला काढून घेतला.

"आज नको," ती म्हणाली.

शेवटी बाईने राष्ट्रगीत लावलं, नियमच तसा होता. बाबा आणि नुपूर उभे राहिले. आईही उठली. राष्ट्रगीत कोणाचंही असो, टीव्हीवर ऑलिम्पिकमध्ये लागलं तरी उभं राहायचं, ही आप्पांनी लावलेली सवय. गाऊनमधून पाणी गळून तिच्या पायाशी छोटं तळं झालं.

शिरा तसाच राहिला. आईचे सुतकाचे तीन दिवस झाले, मग परवानगी आली, मग तिकीट. बॅग भरताना आई कपड्यांच्या मोजून मापून घड्या घालत होती आणि नुपूर दारात उभी होती. त्या दिवसापासून आई तिच्याशी कामापुरतंच बोलली होती.

"माझ्यावर कशाला राग?" नुपूरने शेवटी विचारलंच. "लपवलं बाबांनी. मी खरं सांगितलं."

"सांगितलंस ना."

"मग?"

आईने घडी मोडली, परत घातली. "दहा मिनिटं दम धरला असतास तर काय बिघडलं असतं?"

नुपूरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुला जायचं नाहीये?"

"मला भीती वाटते गं. विमानाची वाटते, तिकडच्या हॉस्पिटलची वाटते. आईला नुसतं हात लावायची वाटते, बघ." आई खाली बसली. "शपथ झाली असती तर आईला सांगितलं असतं, येऊ देत नाहीत. ती पण म्हणाली असती, नको येऊ. यतीनला मी आयुष्यभर बोल लावला असता, आणि त्याने ऐकून घेतला असता. आता कोण येऊ देत नाही म्हणून सांगू?"

नुपूरच्या तोंडाशी आलं, मग जाऊ नकोस. तिने ते म्हटलं नाही. आणि म्हटलं असतं तरी आई आता थांबणार नव्हती, हे दोघींना कळत होतं.

आई गेली. आजी बरी झाली, खोकत खोकत का होईना चालायला लागली. आईचं परतीचं तिकीट मार्चमध्ये रद्द झालं, एप्रिलमध्ये परत रद्द झालं. मग इंडियातली मोठी लाट आली आणि इकडच्या सरकारने फ्लाइटच थांबवल्या. मे महिन्यात तर म्हणाले, इंडियातून आलात तर जेल. सिटिझन असाल तरी, नसाल तरी. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि लॅपटॉप बंद केला. त्यांच्या आणि नुपूरच्या सर्टिफिकेटची पाकिटं टीव्हीखाली पडून होती, कोणी फ्रेम केली नाहीत.

त्याच आठवड्यात आईला ताप आला. मग व्हिडिओ कॉल बंद झाले, नुसते मेसेज. मग आजीच आईच्या फोनवरून नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवायला लागली.

नुपूर वेअरहाउसच्या शिफ्टला आता दुपारी जाते. सकाळी ती जागीच असते, उठत नाही. पडून ऐकते. फोन वाजतो का. मागचं दार उघडतं का. शॉवर सुरू होतो. बंद होतो. मग ती श्वास धरून पडते, परत सुरू होतोय का म्हणून.

तिने हे कधी बाबांना सांगितलेलं नाही. पण हल्ली बाथरूममधून बाहेर आले की बाबा तिच्या दाराशी येऊन थांबतात, आणि दार न उघडता, रोज तेच म्हणतात.

"नुपूर, गरम पाणी आहे गं. जा."