भोंगा वाजला नाही तर

दोन हजार तेवीस सालची ही गोष्ट. त्या वर्षी नागभीडकडच्या जंगलात मोह भरभरून गळला, आणि पिलं घेऊन एक वाघीण गावतलावाच्या बांधापर्यंत, पाळीपर्यंत उतरली होती.

पूर्वी मोह वेचायला जाताना बाया डबे बडवत जात. मग वाटांवर कॅमेरे बसले. वाघ दिसला की ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजे. पहाटे भोंगा वाजला नाही म्हणजे वाट मोकळी, असं समजून बाया टोपल्या उचलू लागल्या.

हे सगळं दिव्यानी पंचायतीतल्या कॉम्प्युटरवरून चालवी. आई गेल्यावर तिला गोकुळाकाकीनं वाढवलं, शिकवलं. नवा कॅमेरा बसला की दिव्यानी फोटो पाहून भोंगा वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याची नोंद करी, काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप करून प्रोग्राम नव्यानं बांधून घेई, नीट बांधला गेला का ते पाही, आणि मगच दुसऱ्या हुकुमानं तो चालू करी.

तेवढ्यात नागपूरहून नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. दिव्यानीनं दोन्ही हुकूम एका फाइलीत एकाखाली एक लिहिले आणि पंचायतीचा शिपाई रोशन याला समजावलं, "नोंद कर अन् हे चालव. खाली 'सुरू' दिसलं का झालं."

"काऊन वं," गोकुळाकाकी हसली, "मशीनले आता बाई लागत नाई म्हणं?"

"नाई लागत, काकी."

"मंग नवऱ्यालेई असंच काही बनवून ठेव. मीई जातो नागपूर पाहाले."

निघताना दिव्यानी म्हणाली, "भोंगा वाजला तं घरातून निघू नको."

"अन् नाई वाजला तं?"

"तं जा."

दुसऱ्या दिवशी पाळीवरच्या वाटेला नवा कॅमेरा लागला. रोशननं नोंद केली, फाइल चालवली, 'सुरू' वाचलं आणि कुलूप लावून घरी गेला. पहाटे भोंगा गप्प होता. वाघिणीनं गोकुळाला त्याच पाळीवर धरलं; ती वाचली नाही.

दिव्यानी बसमधून उतरली ती थेट पंचायतीत गेली. पडद्यावर 'सुरू'च्या वर गेलेल्या ओळी खाली ओढून वाचल्या. कॅमेऱ्यांनी टिपलेल्या गाई-बकऱ्यांच्या फोटोंनी कॉम्प्युटर गच्च भरला होता. नवा प्रोग्राम बांधायला जागाच उरली नव्हती. पहिला हुकूम फसला होता. दुसऱ्यानं आधीचाच जुना प्रोग्राम उचलून चालू केला होता. त्याला पाळीवरचा कॅमेरा ठाऊकच नव्हता. पहिला फसला तर दुसऱ्यानं थांबावं, एवढं लिहायचं राहून गेलं होतं.

"मी पाह्यलं, बाई," रोशन म्हणाला. "सुरू होतं."

"होतं. जुनं सुरू होतं."

गोकुळाचा नवरा डोमा दारात उभा होता. "मंग पाळीवर कोणी पाहतच नव्हतं का?"

"कॅमेरा पाहत होता, काका. त्याचं ऐकणारं कोणी नव्हतं."

डोमानं मान हलवली. त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही.

पावसाळ्याआधी वाघिणीला पिंजऱ्यात घालून नेलं. पिलांचं काय झालं ते कोणी सांगत नाही. रोशन हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात गेला, तो तिकडेच राहिला. गावानं रीत उलटी केली. आता वाट मोकळी असली तरच भोंगा वाजतो, आणि गप्प असला की कोणी घर सोडत नाही. डोमा अजून त्याच तलावावर जाळं टाकतो. दिव्यानीला नोकरी लागली. दर महिन्याला ती काकाला फोन करते. काका जेवणाचं विचारतो, पाण्यापावसाचं सांगतो. गावी ये, असं मात्र तो म्हणत नाही, आणि तीही येत नाही.